सिव्हिलायझेशन ६ मध्ये धर्म कसा खेळावा

'सिव्हिलायझेशन ६' हा एक-एक चाल करत साम्राज्य वाढवण्याचा संगणक-खेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि 'राइज अँड फॉल' (२०१८) व 'गॅदरिंग स्टॉर्म' (२०१९) या दोन मोठ्या विस्तारांनंतर त्याचे नियम बऱ्यापैकी स्थिरावले. विज्ञान, संस्कृती, युद्ध आणि मुत्सद्देगिरी यांच्या जोडीला या खेळात धर्म हाही विजयाचा स्वतंत्र मार्ग आहे. तरीही नवे खेळाडू धर्माच्या बाबतीत सहसा दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करतात आणि आपली निम्मी शहरे शेजाऱ्याच्या धर्मात गेलेली पाहून चकित होतात. काही जण मोठ्या हौसेने धर्म स्थापन करतात आणि त्याचे पुढे काय करायचे हे ठरलेले नसल्यामुळे तो तसाच पडू देतात. माझ्या मते दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण धर्म स्थापन करण्यासाठी डावाच्या सुरुवातीचे, म्हणजे सर्वांत मोलाचे, उत्पादन खर्ची पडते आणि तेवढ्यात एखादे नवे शहर सहज वसले असते. म्हणून पहिल्या पंधरा-वीस चालींतच स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला धर्माने जिंकायचे आहे, धर्माच्या आधाराने दुसऱ्या मार्गाने जिंकायचे आहे, की धर्म इतरांवर सोडून फक्त स्वतःचा बचाव करायचा आहे? तिन्ही उत्तरे चालण्यासारखी आहेत. या प्रश्नाचे उत्तरच न देणे मात्र परवडत नाही.

पुढील मार्गदर्शन 'गॅदरिंग स्टॉर्म'चे नियम, प्रमाण आकाराचा नकाशा आणि प्रमाण वेग गृहीत धरून लिहिले आहे.

श्रद्धा हे चलन आहे

खेळात 'फेथ' नावाचे जे पांढरे गुण दर चालीला जमा होतात, त्यांना मी येथे श्रद्धा म्हणेन. नावाला श्रद्धा असली तरी व्यवहारात ते सोन्यासारखेच एक चलन आहे. फरक इतकाच की त्याने विकत घेता येणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी आहे. सुरुवातीला त्यातून पँथिऑन मिळते, नंतर धर्मप्रचारक आणि उपासनेच्या इमारती घेता येतात, आणि थोर व्यक्तींना पदरी घेण्यासाठीही ते वापरता येते. सुवर्णयुगात 'मॉन्युमेंटॅलिटी' हे समर्पण निवडल्यास वसाहतकार आणि बांधकाम करणारे बिल्डरही श्रद्धेने विकत घेता येतात, तेही ३० टक्के सवलतीत. ज्याने प्राचीन काळात नेटाने श्रद्धा साठवली आहे, तो अभिजात युगात सुवर्णयुग लागताच पाच-सहा शहरे झपाट्याने उभी करू शकतो, आणि त्यासाठी स्वतःचा धर्म असण्याचीही गरज नसते. डावाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय उद्यानांसाठी लागणारे निसर्गतज्ज्ञ आणि पर्यटन वाढवणारे रॉक बँड हेही श्रद्धेनेच मिळतात, म्हणून संस्कृतीच्या मार्गाने जिंकू पाहणाऱ्या खेळाडूला श्रद्धेचा भरपूर साठा लागतो. थिऑक्रसी ही राज्यपद्धती स्वीकारली तर जमिनीवरील सैन्यदेखील श्रद्धेने घेता येते.

सुरुवातीला श्रद्धा येते कोठून? 'गॉड किंग' हे पॉलिसी कार्ड राजधानीत दर चालीला १ श्रद्धा आणि १ सोने देते. धार्मिक प्रकारच्या नगरराज्याची भेट सर्वांत आधी आपण घेतली तर एक दूत मोफत मिळतो आणि त्यामुळे राजधानीत २ श्रद्धा सुरू होते. नैसर्गिक आश्चर्ये आणि वाटेत सापडणारी टोळ्यांची गावे हे नशिबाचे भाग आहेत. या कारणाने पहिला टेहळ्या कोणत्या दिशेला पाठवला, याला धर्माच्या दृष्टीनेही महत्त्व असते.

पँथिऑन

२५ श्रद्धा जमली की पँथिऑन स्थापन करता येते. हा अजून धर्म नव्हे. संघटित धर्माच्या आधीची देवदेवतांची पूजा असे त्याचे रूप आहे. ते प्रत्येक संस्कृतीला घेता येते, मात्र एकाने घेतलेले पँथिऑन दुसऱ्याला मिळत नाही. फक्त 'गॉड किंग'च्या भरवशावर राहिल्यास कार्ड बसवल्यापासून २५ चाली लागतात, आणि तोपर्यंत चांगले पर्याय उचलले गेलेले असतात.

पँथिऑन निवडताना यादीतील आकर्षक नावांकडे न पाहता आपल्या भूमीकडे पाहावे. राजधानीभोवती वाळवंट असेल तर 'डेझर्ट फोकलोर', टुंड्रा असेल तर 'डान्स ऑफ द ऑरोरा' आणि घनदाट वर्षावन असेल तर 'सेक्रेड पाथ' घ्यावे. कारण या तिन्हींमुळे होली साइटला, म्हणजे शहराच्या धार्मिक विभागाला, लागून असलेल्या त्या त्या प्रकारच्या प्रत्येक घरामागे (नकाशावरील चौकटीमागे) श्रद्धा वाढते. जी जमीन एरवी निकामी मानली जाते, तीच येथे सोन्याच्या मोलाची ठरते. भूमीत विशेष काहीच नसेल तर 'रिलिजस सेटलमेंट्स' घ्यावे, त्यात एक वसाहतकार मोफत मिळतो. पहिल्या काही चालींत आलेले एक जादा शहर शेवटपर्यंत फळ देत राहते, हे लक्षात घेता अनुभवी खेळाडू डोळे मिटून हाच पर्याय का उचलतात ते कळते. धर्म स्थापन करायचाच असा निर्धार असेल तर 'डिव्हाइन स्पार्क' उपयोगी पडते, कारण त्यामुळे प्रत्येक होली साइटमागे थोर प्रेषिताचा एक जादा गुण मिळतो.

प्रेषिताची शर्यत

धर्म स्थापन करण्यासाठी 'ग्रेट प्रॉफेट', म्हणजे थोर प्रेषित, लागतो आणि प्रेषितांची संख्या मर्यादित असते. प्रमाण नकाशावर आठ संस्कृती असतात, पण धर्म पाचच होऊ शकतात. सर्वांत लहान नकाशावर ही संख्या दोन आणि सर्वांत मोठ्यावर सात असते. म्हणजे ही शर्यत आहे आणि तीत तिघांना रिकाम्या हातांनी परतावे लागणार हे आधीच ठरलेले आहे. वरच्या काठिण्यपातळ्यांवर संगणकाला सुरुवातीलाच झुकते माप मिळते, त्यामुळे तेथे उशीर अजिबात चालत नाही.

शर्यत जिंकण्याचा सरळ मार्ग असा आहे. ॲस्ट्रॉलॉजी हे तंत्रज्ञान लवकर मिळवावे. एखादे नैसर्गिक आश्चर्य दृष्टीस पडल्यास त्याचे संशोधन झटपट होते. लगेच राजधानीत किंवा दुसऱ्या शहरात होली साइट उभारावी, त्यात श्राइन ही पहिली इमारत बांधावी, आणि शक्य असेल तर दोन शहरांत हे एकाच वेळी करावे. होली साइट आणि श्राइन दोन्हींमधून दर चालीला प्रेषिताचे गुण मिळतात. त्यावर 'रेव्हलेशन' हे पॉलिसी कार्ड बसवले की आणखी २ गुण सुरू होतात. तरीही मागे पडत असाल तर श्राइन झाल्यावर शहराला दुसरे काहीही न सांगता 'होली साइट प्रेअर्स' हा प्रकल्प चालवावा. शहर त्या काळात काहीच बांधत नाही हे खरे, पण शेवटच्या प्रेषितासाठी चढाओढ असताना दहा चालींची ही उपासमार सोसण्यासारखी असते.

स्टोनहेंज हे आश्चर्य बांधल्यास प्रेषित आयता मिळतो, म्हणून अनेक जण त्याच्या मागे लागतात. ते सपाट जमिनीवर आणि दगडाच्या साठ्याला लागूनच बांधता येते, एवढी अट तर आहेच. पण खरी अडचण अशी की अवघड पातळीवर एखादा संगणक-राजा ते फार लवकर पूर्ण करतो आणि आपण घातलेले उत्पादन पाण्यात जाते. मी स्वतः एका डावात स्टोनहेंजला दोन चाली उरल्या असताना ते गमावले, पाठोपाठ पाचवा प्रेषितही गेला, आणि हाती फक्त एक दुबळी राजधानी उरली. तेव्हापासून मी मधल्या पातळीच्या वर स्टोनहेंजकडे पाहतही नाही.

जागेची निवड प्रेषितापेक्षाही महत्त्वाची आहे. होली साइटला शेजारच्या प्रत्येक पर्वतामागे १, प्रत्येक नैसर्गिक आश्चर्याच्या घरामागे २ आणि दर दोन वनांमागे १ श्रद्धा मिळते. तीन पर्वतांच्या कुशीत बसलेली होली साइट पहिल्याच दिवसापासून ३ जादा श्रद्धा देते, आणि पुढे 'स्क्रिप्चर' हे कार्ड मिळाले की हा जोडलाभ दुप्पट होतो. त्यामुळे शहर वसवतानाच होली साइट कोणत्या घरात येणार याची खूण नकाशावर करून ठेवावी आणि तेथील वन घाईघाईने तोडू नये.

तत्त्वांची निवड

प्रेषित होली साइटवर नेऊन धर्म स्थापन केला की ते शहर पवित्र नगर बनते आणि धर्माचे नाव व चिन्ह निवडायला मिळते. खेळात हिंदू, बौद्ध, शीख, इस्लाम, ज्यू, पारशी, ताओ, शिंतो, कन्फ्यूशियन आणि ख्रिस्ती धर्माचे तीन पंथ अशी बारा नावे दिली आहेत. शिवाय स्वतःचे नावही देता येते. या नावांचा खेळावर काडीइतकाही परिणाम होत नाही. बौद्ध म्हणून स्थापलेला धर्म इन्क्विझिशन, म्हणजे परधर्म हटवण्याची मोहीम, चालवू शकतो आणि ताओच्या नावाने धर्मयुद्ध पुकारता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे खटकेल, पण खेळ बनवणाऱ्यांनी कोणत्याही खऱ्या धर्माला विशिष्ट गुण-दोष चिकटवण्याचे टाळले, ही गोष्ट मला तरी शहाणपणाची वाटते. चिन्ह नकाशावर ठळक दिसेल असे निवडावे, एवढाच व्यावहारिक सल्ला.

खरी निवड तत्त्वांची आहे. धर्माला एकूण चार तत्त्वे असतात: अनुयायांचे, उपासनेच्या इमारतीचे, संस्थापकाचे आणि प्रसाराचे. स्थापनेच्या वेळी अनुयायांचे तत्त्व आणि उरलेल्या तिन्हींपैकी एक मिळते. बाकीची दोन तत्त्वे पुढे अपॉसल नावाचे वरच्या दर्जाचे प्रचारक खर्च करून जोडावी लागतात. एकाने घेतलेले तत्त्व दुसऱ्याला मिळत नसल्यामुळे येथेही घाई आहेच.

यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. अनुयायांच्या तत्त्वाचा लाभ, तो धर्म पाळणारे शहर ज्याच्या ताब्यात असेल त्याला मिळतो, मग तो आपला शत्रू का असेना. संस्थापकाच्या तत्त्वाचा लाभ मात्र फक्त धर्म स्थापन करणाऱ्याला मिळतो. म्हणून ज्याला धर्म जगभर पसरवायचा आहे त्याने संस्थापकाचे तत्त्व आधी उचलावे, कारण दूरदूरची शहरे आपली नसतानाही आपल्याला सोने, विज्ञान किंवा श्रद्धा पाठवू लागतील. ज्याला धर्म केवळ घरापुरता हवा आहे त्याने अनुयायांच्या तत्त्वावर भर द्यावा.

अनुयायांच्या तत्त्वांपैकी 'वर्क एथिक' सध्याच्या नियमांत फार बलवान आहे, कारण होली साइटला जितका जोडलाभ तितकेच उत्पादन त्या शहराला मिळते. वर सांगितलेली तीन पर्वतांची होली साइट 'स्क्रिप्चर' कार्डासह ६ श्रद्धा आणि ६ उत्पादन देऊ लागते, आणि डावाच्या त्या टप्प्यावर ६ उत्पादन म्हणजे जवळपास दुसरे शहरच. 'कोरल म्युझिक' श्राइन आणि टेंपल (होली साइटची पुढची इमारत) यांना संस्कृती जोडते, त्यामुळे ज्याला थिएटर हा संस्कृतीचा विभाग बांधायला उशीर होणार आहे त्याची सोय होते. 'जेझुइट एज्युकेशन'मुळे विज्ञान आणि संस्कृतीच्या इमारती श्रद्धेने घेता येतात. वैज्ञानिक विजयाच्या मागे असलेल्या खेळाडूला श्रद्धेचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच सापडेल. प्रसाराच्या तत्त्वांपैकी 'होली ऑर्डर' मिशनरी आणि अपॉसल ३० टक्के स्वस्त करते, तर 'इटिनरंट प्रीचर्स' धर्माचा आपोआप होणारा प्रसार ३० टक्के दूरवर नेते. धार्मिक विजय हे ध्येय असेल तर मी पहिले घेतो, कारण प्रत्येक खरेदीनंतर पुढच्या प्रचारकाची किंमत वाढत जाते आणि ही सवलत शेवटपर्यंत टिकते.

दाब: न दिसणारी बाजू

धर्म मुख्यतः दाबाने पसरतो. प्रत्येक शहर आपल्या बहुसंख्य धर्माचा दाब १० घरांच्या परिघातील सर्व शहरांवर दर चालीला टाकत असते. पवित्र नगराचा दाब साध्या शहराच्या चौपट असतो. दाब साठत जातो, आणि साठलेल्या दाबाच्या प्रमाणात शहरातील नागरिक निरनिराळ्या धर्मांत विभागले जातात. एका मिशनऱ्याच्या प्रचाराने जे शहर आपले झाले ते वीस चालींनी आपोआप परत गेले, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण हेच, की त्या शहराभोवती तीन-चार शहरे विरुद्ध दाब टाकत होती आणि आपले जवळचे शहर १५ घरांवर होते. त्यामुळे एकटेदुकटे दूरचे शहर बाटवण्याऐवजी सीमेवरून लागोपाठ पुढे सरकावे. जिंकलेले प्रत्येक शहर पुढच्या शहरावर आपल्या बाजूने दाब टाकते आणि मागचे पक्के करते.

व्यापारी मार्गांवरूनही दाब प्रवास करतो, आणि तोही दोन्ही दिशांनी. परधर्माच्या बलाढ्य पवित्र नगराशी व्यापार लावला तर सोने येईल, पण त्यांचा धर्मही त्याच वाटेने येईल. खेळातील हा नियम मला सर्वांत खरा वाटतो. सह्याद्रीतील बौद्ध लेणी पाहिली तर ती बहुतांशी घाटवाटांच्या आणि बंदरांच्या आसपास आहेत: नाणेघाटाच्या माथ्याजवळ जुन्नरची, बोरघाटाच्या तोंडाशी कार्ला-भाज्याची, सोपारा-कल्याणच्या बाजूला कान्हेरीची. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेली दाने कोरलेली आहेत. व्यापाऱ्यांचे तांडे जेथून गेले तेथे विहार उभे राहिले, हे जे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये घडले, तेच खेळात आकड्यांच्या रूपाने घडते. धर्माचे चष्मे, म्हणजे 'रिलिजन लेन्स', लावून दर दहा चालींनी नकाशा पाहण्याची सवय ठेवावी. कोणत्या शहरात कोणाचा दाब वाढतो आहे हे तेथे स्पष्ट दिसते.

'राइज अँड फॉल'पासून आलेल्या गव्हर्नरांपैकी मोक्ष हा धार्मिक गव्हर्नर आहे. तो ज्या शहरात बसतो तेथून आसपासच्या शहरांवरील दाब वाढतो, आणि पुढच्या बढत्यांमध्ये तो श्रद्धेने विभाग विकत घेण्याची मुभा देतो. ही शेवटची बढती धर्मविजयाच्या मागे नसलेल्यांनीही विचारात घ्यावी, कारण नव्या शहरात कॅम्पस (विज्ञानाचा विभाग) किंवा थिएटर एका चालीत उभे करणे याहून वेगवान काही नाही.

प्रचारक आणि वादविवाद

श्राइन असलेल्या शहरात मिशनरी मिळतात, टेंपल असलेल्या शहरात अपॉसल आणि गुरू. एक नियम पक्का लक्षात ठेवावा: प्रचारक ज्या शहरात विकत घेतला त्या शहराच्या बहुसंख्य धर्माचा असतो. आपले शहर परधर्मात गेले असेल आणि आपण घाईत तेथून मिशनरी घेतला, तर तो आपल्या पैशाने शेजाऱ्याचा धर्म सांगत फिरेल. उलट, ज्याला धर्म स्थापन करता आला नाही तोही दुसऱ्याचा धर्म आपल्या शहरांत रुजवून त्याचे प्रचारक घेऊ शकतो.

मिशनरी स्वस्त असतो, त्याला तीन वेळा प्रचार करता येतो, आणि तो हल्ला करू शकत नाही. अपॉसल महाग असतो, पण तो धर्माचा खरा सेनापती आहे. त्याला मिळताना एक विशेष गुण निवडता येतो, आणि समोर आलेल्या मोजक्या पर्यायांतून योग्य गुण ओळखणे हे कौशल्य आहे. 'प्रोसेलिटायझर' प्रचार करताना त्या शहरातील इतर धर्मांचा ७५ टक्के दाब पुसून टाकतो, म्हणून परक्या पवित्र नगरावर चालून जाताना तोच हवा. 'ट्रान्सलेटर' दुसऱ्या संस्कृतीच्या शहरात तिप्पट परिणाम करतो. 'डिबेटर'ला वादविवादात २० जादा बळ मिळते. त्याचे प्रचाराचे फेरे वाया घालवू नयेत, त्याला फक्त लढवावे. 'मार्टर' वादात मेला तर त्याचे अवशेष मिळतात, आणि टेंपलमध्ये ठेवलेला प्रत्येक अवशेष दर चालीला ४ श्रद्धा देतो. अशा अपॉसलला मुद्दाम बलवान शत्रूच्या तोंडी देणे हा क्रूर पण फायद्याचा उद्योग आहे. येरेवान या नगरराज्याचे अधिपत्य मिळाले तर हवा तो गुण निवडता येतो, त्यामुळे धर्मविजयाच्या डावात येरेवानला दूत पाठवण्यात हात आखडता घेऊ नये.

दोन धर्मांचे प्रचारक समोरासमोर आले की वादविवादाची लढाई होते. ती प्रत्यक्षात लढाईच आहे, आकाशातून विजा पडतात वगैरे. हरणाऱ्याच्या धर्माचा दाब जवळपासच्या सगळ्या शहरांत एकदम घटतो आणि जिंकणाऱ्याचा तितकाच वाढतो. म्हणजे शत्रूच्या मिशनऱ्याला मारणे हाच एक प्रचार आहे, आणि तोही आपला एकही फेरा न खर्चता. संगणक-राजे मिशनऱ्यांच्या झुंडी पाठवतात, त्यांना वैतागून दूतामार्फत निरोप धाडण्याआधी दोन 'डिबेटर' सीमेवर उभे करून पाहावेत. जखमी प्रचारक आपल्या होली साइटवर किंवा तिला लागून बरे होतात. दूरच्या मोहिमेवर मात्र बरोबर एक गुरू ठेवावा, कारण तो तेथल्या तेथे उपचार करतो.

विजयाची जुळवाजुळव

धार्मिक विजयासाठी प्रत्येक संस्कृतीच्या निम्म्याहून अधिक शहरांत आपला धर्म बहुसंख्य असावा लागतो. नगरराज्ये यात मोजली जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर प्रचारक खर्च करणे टाळावे. क्रम ठरवताना सर्वांत जवळचा आणि धर्म नसलेला शेजारी पहिला घ्यावा. त्याच्याकडे प्रतिकाराला अपॉसल नसतात. स्वतःचा धर्म असलेले सर्वांत बलवान राज्य शेवटी ठेवावे, पण त्याच्यासाठी श्रद्धा आधीपासून साठवावी. शेवटच्या टप्प्यावर एक-एक अपॉसल पाठवण्याऐवजी सहा-सात जण एकत्र न्यावेत आणि एक-दोन चालींत पवित्र नगरासह तीन-चार शहरे फिरवावीत. तुकड्या-तुकड्यांनी गेल्यास बचावाला वेळ मिळतो. हागिया सोफिया हे आश्चर्य प्रत्येक प्रचारकाला एक जादा फेरा देते आणि महाबोधी मंदिर बांधताच दोन अपॉसल मिळतात; दोन्ही होली साइटला लागून बांधावी लागतात, म्हणून तेथे एखादे घर राखून ठेवावे. सुवर्णयुगात 'एक्सोडस ऑफ द इव्हँजेलिस्ट्स' घेतले तर प्रचारकांचा वेग आणि फेरे दोन्ही वाढतात, आणि मोहीम सुरू करण्यासाठी तोच मुहूर्त समजावा.

कोणत्या संस्कृतीला काय जमते

रशियाची 'लाव्ह्रा' ही होली साइटची स्वस्त आवृत्ती आहे आणि टुंड्रातून रशियाला श्रद्धा व उत्पादन मिळते. त्यावर 'डान्स ऑफ द ऑरोरा' आणि 'वर्क एथिक' चढवले की जगातील सर्वांत ओसाड प्रदेश सर्वांत श्रीमंत होतो. नवशिक्याने धर्म शिकण्यासाठी रशियाच घ्यावा. अरबस्तानला शेवटचा प्रेषित आपोआप मिळतो, त्यामुळे त्याला शर्यतीत धावावे लागत नाही. मात्र तोपर्यंत उत्तम तत्त्वे गेलेली असतात.

भारताचा 'धर्म' हा गुण विलक्षण आहे. आपल्या शहरांत ज्या ज्या धर्माचा एक तरी अनुयायी आहे, त्या सर्वांच्या अनुयायी-तत्त्वांचा लाभ भारताला मिळतो. इतर खेळाडू परक्या मिशनऱ्यांना हाकलतात तेथे भारताने त्यांना थोडे येऊ द्यावे, फक्त बहुसंख्य होऊ देऊ नये. गांधींना घेतल्यास, धर्म स्थापन केलेल्या आणि युद्धात नसलेल्या प्रत्येक ओळखीच्या संस्कृतीमागे ५ श्रद्धा मिळते, म्हणून जगाची ओळख जितकी लवकर तितके चांगले.

काँगोचा राजा म्व्हेंबा अ न्झिंगा याला होली साइट बांधता येत नाही आणि धर्मही स्थापता येत नाही. त्याच्या बहुतेक शहरांत जो धर्म असेल त्याच्या संस्थापकाच्या तत्त्वाचा लाभ मात्र त्याला मिळतो. काँगोच्या राजघराण्याने १४९१ मध्ये पोर्तुगीजांकडून बाप्तिस्मा घेतला आणि या राजाने पुढे तो धर्म राज्यात रुजवला, हा इतिहास या नियमामागे आहे. काँगो खेळताना कोणाचा धर्म स्वीकारायचा हे स्वतः ठरवावे आणि त्या राज्याशी व्यापार लावावा.

स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचे इन्क्विझिटर एक जादा फेरा घेऊन येतात आणि परधर्मीय संस्कृतींशी लढताना त्याच्या सैन्याला जादा बळ मिळते. हा फिलिप १५८१ पासून पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशन त्याच्या अमलाखाली काही वर्षे चालले. खेळात 'इन्क्विझिटर'वर टिचकी मारताना कोकणी-मराठी खेळाडूचा हात क्षणभर थबकला तर नवल नाही.

धर्म नको असेल तर

धर्म स्थापन न करताही डाव व्यवस्थित खेळता येतो, पण बचाव लागतोच, कारण प्रचारकांना बंद सीमा अडवू शकत नाहीत. कोणी एक जण जगभर पसरतो आहे असे दिसले तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा धर्म आपल्या शहरांत येऊ द्यावा, एका शहरात टेंपल बांधावे आणि त्या धर्माचे दोन-तीन अपॉसल पहाऱ्याला ठेवावेत. स्वतःचा धर्म असेल तर एक अपॉसल खर्च करून इन्क्विझिशन सुरू करावे. त्यानंतर मिळणारे इन्क्विझिटर आपल्या शहरातील परधर्माचा ७५ टक्के दाब एका फेऱ्यात काढतात आणि घरच्या हद्दीत वादविवादात भारी पडतात. हे काम शहर गेल्यावर करण्यापेक्षा निम्मे नागरिक गेले असतानाच करावे, कारण इन्क्विझिटरदेखील शहराच्या धर्माचाच मिळतो, आणि टेंपल असलेली सर्व शहरे एकदा गेली की आपल्या धर्माचा माणूस विकत घेण्याची जागाच उरत नाही. निदान पवित्र नगर तरी कधीही डोळ्याआड करू नये.

एवढे करूनही झुंडी थांबत नसतील तर युद्ध पुकारावे. युद्ध सुरू असताना कोणतीही लष्करी तुकडी शत्रूच्या प्रचारकाला पाखंडी ठरवून नष्ट करू शकते आणि त्या धर्माचा दाबही जवळपास उतरतो. त्यासाठी मोठी फौज लागत नाही. वेगवान घोडदळाच्या तीन तुकड्या सीमेवर पुरतात. अपॉसल शहराच्या वेशीवर जमू लागले आहेत, पण अजून एकानेही प्रचार केलेला नाही, त्या चालीला युद्ध जाहीर करणे सर्वांत फायद्याचे असते. शत्रूने अनेक चाली साठवलेली श्रद्धा तेव्हा एका झटक्यात जाते.